एका शब्दाचे दोन धनी : हार्ड डिस्कमधली जागा जाते कुठे?

१/ हार्ड डिस्कच्या खोक्यावर ‘१ टीबी’ असे छापलेले असते. ती विंडोजच्या संगणकाला जोडली की पडद्यावर आकडा उमटतो ९३१ जीबी. ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते. जुन्या रुपयाच्या भाषेत सांगायचे तर सोळा आणे ठरले आणि हाती पंधरा आण्यांहूनही किंचित कमी पडले. घेणारा साहजिकच म्हणतो, कंपनीने मापात पाप केले. हा आरोप जुना आहे, न्यायालयांपर्यंत जाऊन आलेला आहे. आणि माझ्या मते तो चुकीच्या दारावर केला जातो. या धाग्यात त्या ‘हरवलेल्या’ जागेचा इतिहास पाहू. तो यंत्रापेक्षा एका शब्दाचा इतिहास अधिक आहे.

२/ प्रथम रोकडा हिशेब. १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. बाजारात या नावाने मिळणाऱ्या नेहमीच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ कप्पे असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट मावतात. गुणाकार करा : १०,००,२०,४८,८६,०१६. म्हणजे कबूल केल्यापेक्षा सुमारे २० कोटी बाइट जास्तच दिलेले आहेत! मग ९३१ आले कुठून? जीबी काढताना विंडोज या संख्येला शंभर कोटींनी भागत नाही. ते १,०७,३७,४१,८२४ ने भागते, म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४ ने. उत्तर येते ९३१.५. बाइट एकही हरवत नाही. बदलते ते माप, आणि दोन्ही मापांना नाव एकच.

३/ काही जण सांगतात की ही जागा फॉरमॅट करताना किंवा फाइलींची नोंदवही ठेवण्यात खर्च होते. तशी थोडी जागा जाते, हे खरे. पण ९३१ या आकड्याचे मूळ तिथे नाही. अगदी कोऱ्या डिस्कच्या बाइटांनाही वरच्या संख्येने भागले तर हेच उत्तर येते. तेव्हा खरा प्रश्न असा : ‘किलो’ म्हणजे हजार हे शाळकरी पोरही सांगेल, मग संगणकाच्या राज्यात तो १०२४ कधी झाला, आणि कुणाच्या संमतीने?

४/ त्यासाठी फ्रान्समध्ये जावे लागते. क्रांतीपूर्व फ्रान्समध्ये एकाच नावाचे माप गावागणिक निराळे असे. धान्याचे ‘ब्वासो’ हे माप एका जहागिरीत एवढे, तर शेजारच्या जहागिरीत तेवढे. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती शेतकऱ्याची मान. १७८९ मध्ये राजापुढे मांडण्यासाठी गावोगावी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांत साऱ्या देशाला एकच माप असावे ही मागणी वारंवार आढळते. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, ग्रॅम, लिटर ही नावे दिली आणि त्यांच्यापुढे लावायचे उपसर्गही ठरवून दिले. पट दाखवण्यासाठी ग्रीक शब्द घेतले : डेका, हेक्टो, किलो. ग्रीक भाषेतील ‘हजार’ या शब्दावरून ‘किलो’ घडवला गेला.

५/ म्हणजे ‘किलो’ हा शब्द जन्माला आला तोच एका अन्यायाचे निवारण करण्यासाठी. त्याचे सारे मोल एकाच गोष्टीत होते : कुठेही जा, कशापुढेही लावा, त्याचा अर्थ हजारच. पुढे १९६० मध्ये वजनमापांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आजची एसआय पद्धती स्वीकारली, आणि मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी हे पक्के झाले. संगणकाचे जग तोवर चांगलेच आकार घेऊ लागले होते.

६/ आता हार्ड डिस्कची जन्मकथा. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक जाहीर केला. त्यासोबतचे डिस्कयंत्र कपाटाएवढे होते आणि त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. लेखनासाठी १०० पृष्ठे, प्रत्येक पृष्ठावर १०० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर ५०० अक्षरे. गुणाकार बरोबर ५० लाख अक्षरे. हा सगळा मामला दशमान आहे, १०२४ चा त्यात मागमूसही नाही. याचे कारण साधे आहे. तबकडीवर मार्ग किती आखावेत याला दोनाच्या पटीचे बंधन नसते. जितके मावतील तितके आखावेत आणि सरळ मोजावेत.

७/ स्मृतीचे, म्हणजे आज ज्याला आपण रॅम म्हणतो तिचे, तसे नाही. स्मृतीतील प्रत्येक घराला पत्ता असतो आणि तो पत्ता तारांवरून जातो. एका तारेवर दोनच स्थिती : आहे किंवा नाही. एका तारेने दोन घरे ओळखता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. दहा तारांनी १०२४. तिथे हट्टाने एक हजार घरेच बांधली तर २४ पत्ते वाया जातात. म्हणून स्मृतीचे माप दुपटीदुपटीने वाढते. यात कुणाची लबाडी नाही; हा त्या यंत्राचा स्वभावच आहे.

८/ तरीही ‘के’ म्हणजे १०२४ हे आरंभापासून ठरलेले नव्हते. १९५९ च्या ‘आयबीएम १४०१’ या संगणकात ४,००० किंवा ८,००० अक्षरांची स्मृती घेता येई, आणि तिथला ‘४ के’ म्हणजे नेमके चार हजार. ६५,५३६ घरांच्या स्मृतीला कुणी ‘६५ के’ म्हणे, कुणी ‘६४ के’. सीडीसी कंपनीच्या महासंगणकांच्या कागदपत्रांत १,३१,०७२ शब्दांच्या स्मृतीला सरळ ‘१३१ के’ म्हटलेले सापडते. पुढे १९६४ मध्ये आयबीएमच्या ‘सिस्टिम/३६०’ची रचना मांडणारा जीन अॅमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांचा प्रसिद्ध लेख आला, त्यात ‘के’ १०२४ या अर्थाने वापरला गेला. ती संगणकमालिका जगभर पसरली आणि तिच्याबरोबर ही बोलण्याची रीतही.

९/ हे उसनवार घेणे समजण्यासारखे आहे. १०२४ आणि १००० यांत अंतर अवघे २.४ टक्के. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसा अभियंत्यांनी शब्द आणला, काम भागवले. पण उसने आणलेले परत करायचे असते, याची आठवण त्याच काळात करून दिली गेली होती. १९६८ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात डोनाल्ड मॉरिसन यांनी पत्र लिहून सुचवले की १०२४ साठी ग्रीक ‘कप्पा’ हे अक्षर वापरावे. वॉलेस गिव्हन्स यांनी ‘बीके’ हे चिन्ह सुचवले. हजाराला हजारच राहू द्यावे आणि नव्या मापाला नवे नाव द्यावे, एवढीच त्यांची मागणी. कुणी मनावर घेतले नाही.

१०/ परिणामी दोन मोहल्ल्यांत दोन अर्थ नांदू लागले. स्मृतीवाले १०२४ धरून चालले; डिस्कवाले आपल्या जन्मजात हजारावर राहिले. १९८० मधील सीगेटची ‘एसटी-५०६’ ही छोट्या संगणकांसाठीची गाजलेली डिस्क पाहा : १५३ × ४ × ३२ × २५६, म्हणजे ५०,१३,५०४ बाइट. तिला ५ एमबी म्हणत आणि ते दशमान हिशेबानेच बरोबर ठरते. स्मृतीच्या मापाने ती पाच भरत नाही, ४.७८ भरते. म्हणजे ग्राहकाला फसवण्यासाठी डिस्कवाल्यांनी मागाहून ‘किलो’ बारीक केला, हा समज इतिहासाला धरून नाही. ते पहिल्यापासून तिथेच उभे होते.

११/ गोंधळाचा कळस पाहायचा असेल तर साडेतीन इंची फ्लॉपी आठवा. तिच्यावर ‘१.४४ एमबी’ असे लिहिलेले असे. तिची खरी क्षमता : ८० मार्ग × २ बाजू × १८ कप्पे × ५१२ बाइट = १४,७४,५६० बाइट. दशमान धरले तर हे १.४७ एमबी होतात, आणि १०२४ चा हिशेब धरला तर १.४१. मग १.४४ कुठून आले? १४,७४,५६० ला एकदा १०२४ ने भागले, आलेल्या १४४० ला नंतर १००० ने! एकाच आकड्यात दोन्ही ‘किलो’ मांडीला मांडी लावून बसले आहेत. हे माप जगातील कोणत्याही प्रमाणग्रंथात बसत नाही, तरी वर्षानुवर्षे कोट्यवधी फ्लॉप्यांवर ते छापले गेले.

१२/ लहान संख्यांत हे खपून गेले. पण उपसर्ग जसजसे चढत गेले तसतशी दरी रुंदावली. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०. चक्रवाढ व्याजासारखे हे आहे : उसनी आणलेली वाटीभर साखर चार पिढ्यांनी पोत्याएवढी झाली. आधीच्या पिढीला फरक दिसला तो चिल्लर होता. आजच्या मुलाला दिसतो तो ६९ जीबींचा. त्यात शेकडो तासांचे संगीत मावते.

१३/ मग प्रकरण न्यायालयात गेले. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलवरील दाव्यात २००६ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले गेले. २००७ मध्ये सीगेटने अशाच दाव्यात किमतीच्या ५ टक्के परतावा किंवा सॉफ्टवेअर देऊ केले. या तडजोडी होत्या. त्यांत कुणी दोषी ठरले नाही. पुढे २०२० मध्ये सॅनडिस्कवरचा दावा उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय जिल्हा न्यायालयाने फेटाळला. १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट हे खोक्यावर छापलेलेच होते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यालाही व्यवहारात दशमान अर्थच अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय होता. अपिलातही तो निकाल टिकला.

१४/ यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळता कामा नये. पडद्यावर निराळा आकडा दिसतो हे कंपन्यांना ठाऊक होते, आणि मोठा दिसणारा आकडा त्यांच्या पथ्यावर पडणारा होता. तरी त्यांनी दीर्घकाळ खुलासा केला तो खोक्याच्या मागच्या बाजूला, भिंगाने वाचावा लागेल अशा अक्षरांत. हे मोकळेपणाचे वागणे नव्हे. दुकानदाराने तराजू खरा ठेवला, पण गिऱ्हाईक गोंधळलेले पाहूनही तो गप्प राहिला, इतका ठपका त्याच्यावर ठेवता येईल. पण गप्प राहणे वेगळे आणि खोटे माप वापरणे वेगळे.

१५/ दरम्यान तोडगा निघाला होता. डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने नवी नावे मंजूर केली : १०२४ साठी ‘किबी’, त्याच्या वर्गासाठी ‘मेबी’, घनासाठी ‘गिबी’, पुढे ‘टेबी’. ‘बी’ हे अक्षर ‘बायनरी’ची खूण. लिहिताना जीबीच्या मधोमध एक ‘आय’ घालायचा, एवढाच बदल. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयानेही आपल्या पुस्तिकेत स्पष्ट केले की एसआयचे उपसर्ग दहाच्या घातांसाठीच आहेत, दोनाच्या घातांसाठी ते वापरू नयेत. मॉरिसन यांनी तीस वर्षांपूर्वी जे मागितले होते ते अखेर वेगळ्या रूपात मिळाले.

१६/ असा तोडगा आपल्याला नवा वाटू नये, कारण आपल्या देशाने हाच पेच एकदा फार शहाणपणाने सोडवला आहे. जुना रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा. म्हणजे रुपयाचे पैसे ६४. दोनाचा सहावा घात! आपला जुना बाजारच दुभागणीवर चाले : शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. हातात तराजू असताना वस्तू निम्मी करणे सर्वांत सोपे. पावकी-निमकी पाठ करणाऱ्या पिढ्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. संगणकाची स्मृती दुपटीने का वाढते हे त्यांनी चटकन ओळखले असते.

१७/ १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. रुपयाचे पैसे १०० झाले. आता पैसा म्हणजे चौसष्टावा भाग की शंभरावा? सरकारने हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या तर्कावर सोडला नाही. नाण्यावरच ‘नया पैसा’ असे कोरले. जुनी नाणी अजून खिशात खुळखुळत होती तोवर ‘नवा’ हे विशेषण राहिले आणि संभ्रम ओसरल्यावर १९६४ मध्ये ते काढून टाकले गेले. सात वर्षांत काम फत्ते! ज्या देशात साक्षरता अजून तोकडी होती तिथे हे जमले. जगातील सर्वांत शिकलेल्या अभियंत्यांच्या बिरादरीला एक ‘आय’ घालणे अजून जमलेले नाही.

१८/ जमलेच नाही असेही नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अॅपलने ‘स्नो लेपर्ड’ ही मॅकची आवृत्ती आणली आणि डिस्कचे माप दशमान दाखवायला सुरुवात केली. तीच १ टीबीची डिस्क तिथे १ टीबीच दिसते. लिनक्सच्या जगात अनेक ठिकाणी ‘गिबी’ ही खूण वापरून १०२४ चा हिशेब प्रामाणिकपणे लिहिला जातो. दोन्ही मार्ग योग्य आहेत. विंडोज मात्र भागाकार १०२४ ने करते आणि नाव ‘जीबी’ लिहिते. माझा आक्षेप त्या भागाकारावर नाही, त्या नावावर आहे. ९३१ ही संख्या खरी आहे; तिच्यापुढचे एकक खरे नाही.

१९/ ‘चालायचेच, सवय झाली आहे’ असे म्हणून हे सोडून का देऊ नये? कारण या सवयीची किंमत आहे. बाजारात बनावट पेनड्राइव्ह विकले जातात. आत थोडीशी चिप असते, पण आतली आज्ञावली संगणकाला सांगते की जागा प्रचंड आहे. पडद्यावर हवा तो आकडा दिसतो. भरत गेले की जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात आणि लग्नाचे फोटो, प्रबंध, पावत्या मुकाट्याने नाहीशा होतात. विरोधाभास पाहा : प्रामाणिक डिस्क कमी आकडा दाखवते आणि संशयाची धनी होते, लबाड पेनड्राइव्ह पुरा आकडा दाखवतो आणि विश्वास मिळवतो. पूर्ण भरून, परत वाचून पाहणे हीच त्याची परीक्षा. आकडा पाहून समाधान मानणे ही परीक्षा नव्हे.

२०/ इतिहासाची आवड असलेल्या तुम्हा मित्रांना यात आणखी एक धडा आहे. जुन्या कागदात ‘शंभर मण धान्य’ असे वाचले की आपण लगेच मनात पोती मोजू लागतो. पण इंग्रजी अमलात मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. कागद कुठला, काळ कोणता, लिहिणारा कोणत्या पेठेतला, हे विचारल्याशिवाय त्या शंभराला अर्थ नाही. उद्याचा संशोधक आपल्या काळाचे दप्तर उघडील तेव्हा त्याला ‘५०० जीबी’ अशी नोंद मिळेल आणि त्यालाही हेच विचारावे लागेल : कोणता जीबी? मण निराळा होता याला निदान प्रवासाची आणि दळणवळणाची सबब होती. आपल्यापाशी कोणती सबब आहे?

२१/ म्हणून माझे मत थोडक्यात. स्मृतीने १०२४ जरूर वापरावा, तो तिचा स्वभाव आहे. पण त्याला ‘किबी’ म्हणावे. ‘किलो’ हा शब्द सव्वादोनशे वर्षांपूर्वी सर्वांना एकच माप मिळावे म्हणून घडवला गेला. तो कोणत्याही एका धंद्याच्या मालकीचा नाही. उसना नेला होता, गरज भागली, पर्यायी शब्दही तयार आहे; आता तो ज्याचा त्याला परत करावा. आणि हे होईतोवर, पुढच्या वेळी ९३१ दिसले की दुकानदाराशी भांडण्याआधी डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये बाइटांचा पूर्ण आकडा वाचा. बाइट मोजले की माप कळते. नुसत्या नावावरून ते कळत नाही.

२२/ धागा इथे संपतो. तुमच्या घरातील जुन्या खतावण्यांत, वतनाच्या कागदांत किंवा आजीच्या बोलण्यात आज अर्थ हरवलेली कोणती मापे सापडतात, ते खाली जरूर लिहा. गाव आणि काळही लिहा. त्यांच्यावाचून माप अपुरे राहते.